फिरली तवर आपली

अहो,

तुम्ही मोरीच्या दगडावर उकिडवे बसून हात धुताय आणि मी तांब्यानं पाणी ओततेय, हे काल दिवसभर डोळ्यांसमोर होतं. आधी हातावर थोडं रॉकेल, मग चिमूटभर साखर, आणि मग खसाखसा चोळणं. "अहो, खायची साखर आहे ती!" मी ओरडायची. तुम्ही म्हणायचात, "साखर कारखान्यातली माणसं आपण. आपण नाही उधळायची तर कोणी?" तरी नखं काळीच राहायची. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर रोज प्रार्थनेनंतर नखं तपासायच्या. त्यांनी तुम्हाला वर्गाबाहेर उभं केलं असतं, असं मी म्हटलं की केवढे हसायचात!

काल तुमच्यामागची पहिली अमावास्या होती. म्हणून लिहायला बसले.

कारखाना बंद पडून किती वर्षं झाली, ते मोजणं मी कधीच सोडलं. आधी पाऊस गेला, मग ऊस गेला, मग सभासदांची भांडणं, मग पगार. वसाहतीतली बिऱ्हाडं एकेक करत उठली. आपण राहिलो, आणि राहिली तुमची अमावास्या. दर अमावास्येला जुनी चार माणसं घेऊन तुम्ही आत जायचात. ऊस पिळायची ती थोरली मिल गंजून जाम होऊ नये म्हणून पाईप अडकवून हातानं थोडी फिरवायचात. घरी आल्यावर दारात चपला काढताना एकच शब्द, "फिरली." एवढ्यावर तुमचा महिना सुखात जायचा!

मला कधीच का नेलं नाहीत? विचारलं की म्हणायचात, "पदर काळा होईल." हे काय उत्तर झालं?

तुमच्या आजारपणात दोन अमावास्या हुकल्या. साहेबांशिवाय नको, असं सगळेच म्हणत राहिले. मग तुम्हीच गेलात. मला वाटलं, संपलं. आपल्या मधूनं पुण्याला त्याच्या घरी माझी खोली लावून ठेवली, मी भांडी बांधली. दाराआडचा तो लांब लोखंडी पाईपही भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. इतकी वर्षं दार लोटलं की त्यावर आपटायचं. त्या आवाजाचा मला किती राग यायचा, तुम्हाला ठाऊक आहे.

काल दुपारी तोच आवाज झाला. दारात तुमच्या हाताखालचे फिटर, मैनुद्दीनभाई. पांढरी दाढी, पण बोलणं तेच.

"भाभी, पाईप देता का? आज आमुशा हाय."

त्यांच्यामागे कौसाबाई. शिरूरकडची, दर हंगामाला कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जाते ती. "बाई, तुमी बी चला. कावून एकल्या बसता भिंतीकडं बघत?"

गेले. वॉचमन बप्पांनी फाटकातला दिंडीदरवाजा उघडला. आत कबुतरांची घाण, पत्र्यातून पडलेलं ऊन, आणि मळीचा वास. अजून! इतक्या वर्षांनीही तो भिंतीत कसा उरतो हो?

पाईप अडकवला. सगळ्यांनी जोर लावला. मिल हलेना. बप्पांनी तेल सोडलं, आम्ही खाली टेकलो. मला राहवलं नाही. म्हटलं, "कौसाबाई, ऊस कुठंय? विहिरींना पाणी नाही. ही फिरवून करायचं काय?"

"आज न्हाई ऊस. उंद्या आला म्हंजी? मशीन जाम हाय म्हनून माघारी लावायचा व्हय?" आणि मग हलक्या आवाजात, "माझ्या लेकीचं पोर फडात जन्मलं, बाई. पाचटावर. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत तिला. हितंच काम मिळू द्या, ह्ये तरी घरात हू द्या."

मी मैनुद्दीनभाईंकडं पाहिलं. ते हात पुसत होते. "भाभी, जाम झाली की ती भंगारवाल्याची. फिरली तवर आपली."

पुन्हा उठलो. तुम्ही पाईपच्या टोकाला उभे राहायचात म्हणे. ती जागा कोणी घेत नव्हतं. पहिल्या खेपेलाही रिकामीच ठेवली होती! शेवटी कौसाबाईनं मलाच तिथं ढकललं. मैनुद्दीनभाई ओरडले, "लावा बे जोर! जेवून आलात का न्हाई?" मग माझ्याकडं बघून जीभ चावली. "माफ करा भाभी. सायेब असंच म्हनायचे."

असं बोलायचात तुम्ही? घरात कधी आवाज चढवला नाहीत!

आणि ती हलली. कण्हल्यासारखी, चार बोटं. पुढं नाही गेली. टाळ्या नाहीत, काही नाही. कौसाबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली.

आज पहाटे तिचा ट्रक गेला. भांडी, शेळी, पोटुशी लेक, सगळं वर. ते बाळही फडातच होणार, दुसरं काय? पुढच्या अमावास्येला एक जण कमी.

खरं सांगते, कारखाना सुरू होईल असं मला वाटत नाही. तुम्हाला तरी वाटत होतं का? हेही कधी सांगितलं नाहीत.

काल घरी येऊन मी मोरीत बसले. रॉकेल मिळालं नाही, गोडं तेल घेतलं, वर साखर. पाणी ओतायला कोणी नव्हतं. नखं काळीच राहिली. राहू देत.

भांडी सोडली आहेत. मधूकडं जाईन, पण अमावास्येच्या आत परत येईन. हा माझा शब्द. अंगात जोर आहे तोवर तुमच्या जागेवर मी उभी राहीन.

मधूच्याही हाती हे पत्र पडेल, म्हणून लिहून ठेवते. तुमचे गमबूट बप्पांना. चष्मा मैनुद्दीनभाईंना, नंबर जुळला त्यांना. लोकरी स्वेटर कौसाबाईच्या लेकीला काल रात्रीच दिला, फडात थंडी फार असते. तेलाची बुधली माझ्याकडं. पाईप दाराआडच राहील. माझ्यामागं तो, अमावास्येला जो दारात येऊन मागेल, त्याला द्यावा. आणि कोणीच आलं नाही, तरी भंगारात घालू नये.

तुमची,
नलू