निळ्या गुहेतला श्वास

३ जून
आज बेटावर उतरले. धक्क्यावर अर्धं गाव नवी नवरी बघायला जमलेलं. नवरी कसली, चाळिशीला टेकलेली, दूर उत्तरेकडच्या एपिरसच्या डोंगरातली, जहाजात उलट्या करून हिरवीपिवळी पडलेली. नवऱ्यानं, स्तामातिसनं, मात्र सगळ्यांसमोर माझा हात धरला. सासूबाई मारिगोंनी वाळवलेला ऑक्टोपस भाजून वाढला. म्हणाल्या, "खा सूनबाई, रडायला उद्याचा दिवस आहे." सगळे हसले, मीही. सुखात आहे असं लिहिताना लाज वाटते.

९ जून
आता मीही त्याच्या बोटीवर जाते. निळी गुहा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना पाण्यातले चष्मे आणि श्वासाच्या नळ्या द्यायच्या, परतताना कलिंगड कापायचं. गुहेचं तोंड इतकं बुटकं की आत शिरताना सगळ्यांना बोटीत आडवं व्हावं लागतं. आतलं पाणी निळं, खालून दिवा लावल्यासारखं. त्याची पहिली बायको लेमोनिया याच गुहेत बुडाली. सापडली नाही. हे त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं. रोज तिथंच कसा जातोस, असं विचारलं, तर म्हणाला, पोट तिथंच भरतं.

१८ जून
आज पहिल्यांदा पाण्यात उतरले. नळी तोंडात धरून चेहरा पाण्यात घातला. खाली चंदेरी माशांचा थवा. मग अगदी कानाशी दुसऱ्या नळीतला श्वास ऐकू आला. संथ, ओला. वाटलं, स्तामातिस असेल. मान वर काढली तर तो लांब, पाहुण्यांना बोटीत चढवत होता. माझ्याजवळ कुणीच नव्हतं. श्वास चालूच होता.

घरी आल्यावर त्याला सांगितलं. वाटलं, चेष्टा करील. तो खुर्चीवरून उठला. "तुला ऐकू आली ती?" म्हणाला आणि मला घट्ट मिठी मारली. लग्नाच्या दिवशीही अशी मारली नव्हती. मी त्या मिठीत नुसती उभी राहिले. ती माझ्यासाठी नव्हती.

२ जुलै
रोज विचारतो. जवळ आली होती का, दमलेली वाटली का. ऐकू आली असं सांगितलं, की लगेच माझ्याकडे मायेनं बघतो. आज काहीच ऐकू आलं नाही, तरी आलं म्हणाले. सासूबाईंनी अंगणात गाठून बजावलं, त्याला तिथून ओढून काढ, नाहीतर तू तरी माहेरी जा.

९ जुलै
पाहुणे घेणं बंद. एकटाच जातो, ओठ निळे करून येतो. जेवत नाही. शेवटी विचारलं, मी तुझी कोण? म्हणाला, "तू चांगली आहेस, आसिमिना."
एवढंच.

१२ जुलै, दुपार
हट्टानं बोटीत आले. तो पोहत आत गेला. मी बाहेर, वही घेऊन, हाताला काहीतरी चाळा म्हणून. लाटा वाढताहेत. आतून दोन श्वास ऐकू येतात— हाका मारून घसा बसला—

प्रत्येक लाटेला गुहेचं तोंड बुजतंय. बोट आत शिरत नाही. आता एकही श्वास नाही—

त्याचा चष्मा आणि नळी वाहत बाहेर आली. नुसतीच. मांडीवर घेऊन बसले आहे. रडू येत नाही—

आतून त्याचा आवाज. तिला नाही, मला बोलावतोय. "ये गं आसिमिना. तुझ्यावाचून करमत नाही." जिवंतपणी असं कधी म्हणाला नाही— हा तो नाही, कळतंय मला. कळतंय, तरी— त्याचा चष्मा लावला आहे. काच आतून भिजली, नीट लिहिता