फलकावरचं दहावं नाव

पांडेसरा, सुरत
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय गजू,

कसा शे भाऊ? पार्वती वहिनींना नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मी अजून डाइंग मिलमध्येच जातो, नखं अजून निळी ती निळीच. उतराण आत्ताच झाली, गल्लीतल्या तारांवर पतंग लटकून आहेत. थंडी म्हणावी तशी पडली नाही.

माझी मागची दोन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे माझ्या लोकेशच्या हाती देतोय. तू गेलास तेव्हा तो चार वर्षांचा होता, आता आपल्या मंडळाच्या पोरांना कबड्डी शिकवतो. त्याला दारातून परत पाठवू नकोस. त्याच्यावर तुझा काय राग असणार?

बातमी अशी की मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या खेळाडूंचा मानाचा फलक लागतोय. सव्वीस तारखेला कार्यक्रम, बुधवारी पेंटर येणार. दहा नावं घ्यायची आणि ती आम्ही पाच जणांनी ठरवायची. तीन बैठका झाल्या, नुसती भांडणं. भाईदास अध्यक्ष झालाय, त्याने पहिल्याच दिवशी स्वतःच्या साल्याचं नाव घुसवलं. तो साला आठवतो का? सामन्यात पाणी वाटायचा तोच. लखन म्हणाला, मग चहावाल्याचंही घाला. दोन वर्षं खेळून गेलेल्याला घ्यायचं का, दुसऱ्या मंडळात गेलेल्याचं काय, यावर दोन तास गेले. माझं नाव कोणी वाद न घालता तिसरं लिहिलं. नऊ नावं झाली, दहाव्यावर गाडी अडली.

दहावं नाव तुझं. ज्यांनी आपल्याला कबड्डी शिकवली त्या मास्तरांच्या मालतीबाईंनी सुचवलं. मास्तर गेल्यापासून त्यांच्या जागी त्याच बसतात. त्या म्हणाल्या, गजेंद्रसारखी चढाई मंडळात पुन्हा कोणी केली नाही. भाईदास भडकला. म्हणाला, ज्याने फायनल विकली त्याचं नाव भिंतीवर लावलं तर पोरं काय शिकतील? पंचाने बघितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, तरी हात वर करून बाहेर गेला, आणि दोन महिन्यांत जिंकलेल्या कडोदऱ्याच्या टीमच्या मालकाकडेच लूमवर लागला. आता यात समजायचं काय बाकी राहिलं?

मी बोललो गजू. तुझ्या सगळ्या चढाया मोजून दाखवल्या, व्याऱ्याचा सामना सांगितला, नवापूरचा सांगितला, तुझा खांदा निखळला होता तेही सांगितलं. अर्धा तास बोललो. शेवटी भाईदास म्हणाला, ठीक आहे, हात वर करा, पण जो करेल त्याने फायनलचा खुलासाही करायचा. मालतीबाईंचा हात वर गेला. लखनचा गेला. तिसरा हात हवा होता.

माझा गेला नाही.

मांडीखाली दाबून बसलो होतो. मालतीबाई माझ्याकडेच बघत होत्या. बैठक संपली, मी घरी आलो, जेवण गेलं नाही. चार दिवस झाले, काही जात नाही. तुझी धनश्री वहिनी विचारते काय झालं, तिला सांगतो पोट बिघडलंय.

तुला ठाऊक आहे मी का घाबरलो. जगात तुलाच ठाऊक आहे.

फायनलला चोवीस-चोवीस होतं. शेवटची चढाई कडोदऱ्याची. आपण साखळीत उभे, माझा उजवा हात तुझ्या डाव्या हातात. त्यांच्या पोराचं बोट माझ्या टाचेला लागलं. मी दचकलो तो झटका तुझ्या हातात आला. तो पोरगा मधल्या रेषेवर जाऊन ओरडत होता, लागला, लागला. पंच बघत राहिले. मास्तरांचा नियम काय होता? ज्याला लागलं त्याने स्वतः हात वर करायचा, पंच बघो न बघो. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली मातीकडे बघितलं. दोनदा बघितलंस तू. मग माझा हात सोडलास आणि तुझा वर केलास.

तू का केलंस असं? मला शिवी द्यायची होतीस, बोट दाखवायचं होतंस, मी मुकाट गेलो असतो. मला वाटलं होतं आठ दिवसांत सगळे विसरतील. मग लोक तुझ्या दारावर आले, वहिनींना नळावर बोलले, तरी मी गप्प. तू सुरत सोडलीस तरी गप्प. मास्तर गेले ते तू सामना विकलास असंच धरून गेले, मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. बावीस वर्षं मी लोकांकडून मान घेतला. लोकेश पोरांना सांगतो, हात वर करायला माझ्या बापाकडून शिका. मी ऐकतो आणि घरात जातो.

त्याला तोंडाने सांगायला तीनदा गेलो. एकदा त्याच्यासमोर बसलो आणि गाडीच्या हप्त्याचं विचारून उठलो. माझ्याच्याने होत नाही रे. मला माझी लाज वाटते, पण त्या पोराची भीती जास्त वाटते.

म्हणून हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. त्याला सांगितलंय, उधन्याला गाडीत बसलास की वाच, तुझ्या अमळनेरपर्यंत वेळ आहे. तू दार उघडशील तेव्हा त्याला सगळं माहीत असेल. तो काही बोलला नाही तर तूही विचारू नकोस. पाणी दे, दोन घास खाऊ घाल. तो घरी परत येईल का, मला माहीत नाही.

हेच सगळं दुसऱ्या कागदावर लिहून आज सकाळी मालतीबाईंना दिलं. त्यांनी दारातच उभ्याने वाचलं. मला आत बोलावलं नाही. एवढंच म्हणाल्या, मास्तर असताना का नाही आलास? कागद त्या उद्या बैठकीत वाचतील. माझं नाव काढा असं खाली लिहिलंय. तुझं लावतील की नाही, ते आता माझ्या हातात राहिलं नाही.

माफी मागत नाही. ती मागायची वेळ मैदानावर होती. फक्त एकदा मास्तरांच्या नियमाने सांगू दे, टच मला झाला होता.

साखळीत तुझ्या डाव्या हाताला उभा होता तो,
हिलाल