होयसळांचे ठसे राजेशच्या हाती लागू नयेत म्हणून

मी, वाल्मिक धोंडी ठोंबरे, वय ७४, राहणार चौक, तालुका खालापूर, शिलालेख वाचण्याच्या सरकारी नोकरीतून निवृत्त, मन व बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. तसा दाखला खोपोलीच्या डॉक्टरांकडून घेऊन जोडला आहे. धाकटा भाऊ राजेश ज्या डॉक्टरांचे नाव सुचवत होता, त्यांच्याकडे मी मुद्दाम गेलो नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी चंद्रभागा हिला. "वैनी, जरा सई कर गं," म्हणत राजेशने पुढे केलेला कोणताही कागद तिने आधी मुलीला दाखवावा.

२. माझी खरी मिळकत म्हणजे कर्नाटकातल्या होयसळ राजांच्या देवळांतल्या जुन्या कानडी शिलालेखांचे ठसे. ओला कागद दगडावर बसवून, ब्रशने ठोकून, शाई फिरवून मी ते रजेत, स्वखर्चाने घेतले. सरकारी प्रती सरकारकडे आहेत, उगाच शंका नको.

जुन्या लेखांत हे घराणे डोंगरातल्या नायकांचे आहे. पुढे लढाया जिंकल्या, मोठी देवळे उठली आणि वंशजांच्या लेखांत पूर्वज थेट यदुकुळात जन्मले. म्हणून कोणतीही वंशावळ वाचताना मी आधी विचारतो, दगडाचा खर्च कोणी केला?

३. राजेशलाही हेच विचारतो. गावच्या देवळात आधी त्याच्या नावाची पाटी रंगकामापुरती होती, मग तो जीर्णोद्धारक झाला. आता ठोंबरे हे होयसळांचे वंशज, असा दगड त्याला दाराशी बसवायचा आहे. पुरावा म्हणून माझा ठसा आणि माझी सही. "दादा, ती लिपी हितं कोनाला वाचता येते रं? तू नुसती सई कर, बाकी आमी बगतो." मी नाही म्हटल्यापासून तो रोज माझी तब्येत विचारतो.

जुन्या दानपत्रांत शेवटी शाप असतो, दान हिरावणारा विष्ठेतला किडा होईल म्हणून. राजेशला तो द्यायला माझी जीभ रेटत नाही. भाऊ आहे. पण ठशांच्या पेटीची किल्ली त्याला देऊ नये.

४. सर्व ठसे मुलगी सुरभी हिला. गेल्या दिवाळीत तिने एक ठसा उजेडात धरला, माझे छापून आलेले वाचन शेजारी ठेवले आणि म्हणाली, "बाबा, हितं तर दगडच फुटलाय. राजाचं नाव तुमी कुटनं आनलंत?" मी चिडलो, जेवलो नाही. नाव तेच आहे, असे मला अजूनही वाटते. तिला वाटत नाही. माझ्या शब्दावर न विसंबणारी घरात ती एकटीच, म्हणून ठसे तिचे. सुरभी, माझे वाचन खोडावेसे वाटले तर खोड. वाईट वाटून घ्यायला मी नसेन.

साक्षीदार: नरेश पिंगळे, चौक, दर्शना म्हसे, कर्जत. नरेश चष्म्याशिवाय सही करत होता. त्याला घरी पाठवून चष्मा आणवला आणि सगळे वाचायला लावले.

सही: वा. धों. ठोंबरे
चौक, ९ जानेवारी २०२५