जिराफ पाणी कसं पितो

बाबा, आफ्रिकेतल्या गवताळ रानाचं ते चित्रांचं पुस्तक तुम्ही चांद्याहून आणलंत, तेव्हा मी तुमच्याच शाळेत तिसरीत होते आणि ते माझ्यासाठीच आणलंय, असं धरून चालले होते. गुरं राखणारी उंच माणसं, त्यांची शेणामातीनं लिंपलेली घरं, झेब्रे, सिंह, काटेरी झाडांचे शेंडे खाणारा जिराफ. ओसरीवर तुम्ही वाचताय, मी तुमच्या गुडघ्याला टेकलेय, आणि समोर माझ्याच वर्गातली ढिवराची पोरगी बसलीय, तलावावरून थेट आलेली, परकर ओला. ती मधेच विचारते, "गुरुजी, याचे पाय बी एवढे लंबे. मंग हा पाणी कसा पेते?"

तुम्ही थांबलात. पानं उलटून पाहिलीत, पुस्तकात ते नव्हतं. मग अंगणात उतरून, पाय फाकवून, कमरेत वाकून तिला दाखवलंत, "असाच पेत असन." आणि माझ्याकडे वळून सहज म्हणालात, "तुले काऊन नाई सुचलं हे?" त्या दिवशी मी जेवले नाही. आईला वाटलं, ताप आलाय.

पुस्तक तिच्या घरी गेलं. मी मागितलं तर म्हणालात, "तू घरचीच हायेस, तुले केव्हाही भेटन." पंधरा दिवसांनी ती ते फडक्यात बांधून परत घेऊन आली. तुम्ही घरी नव्हतात. मी दारातूनच सांगितलं, "बाबानं म्हटलं, आता घरी येऊ नोको." तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि गेली. वर्गात तुम्ही काही विचारलं की ती खाली मान घालून बसे. दिवाळीनंतर ती शाळेत येईनाशीच झाली. बापासोबत मासे धरायला जाते, असं मला पोरींकडून कळलं. "ते पोरगी काऊन नाई येऊन राह्यली?" तुम्ही मला विचारलंत. "तिले नाई आवडत वाचाले," मी म्हटलं. तुम्ही फक्त "असं?" म्हणालात.

शेवटच्या आजारपणात तुम्हाला कित्येक माणसं ओळखू येत नव्हती. एका दुपारी मी पाय चेपत असताना तुम्ही विचारलंत, "ते ढिवराची पोरगी शिकली का पुढं?" मी म्हटलं, "शिकली बाबा. मास्तरीण झाली." मला काहीच ठाऊक नव्हतं, मी कधी चौकशीच केली नव्हती. तुम्ही मात्र किती तरी दिवसांनी हसलात. हे कुणाला वाचून दाखवणार नाही, म्हणून लिहिते : त्या खोट्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला तिचा हेवा वाटला.