उजव्या कडेवर

अप्पा, मी तुमची चौथी. नाव आठवत नसेल तर राहू द्या. जिवंत होतात तेव्हाही आधी तिघींची नावं घेऊन मग माझ्यावर यायचात, आणि तोवर काम काय सांगायचं होतं तेच विसरायचात. मला शाळेत घालायचंही असंच तुमच्या ध्यानातून गेलं, म्हणून आज मी सांगतेय आणि लिहायची हमाली माझी नात करतेय.

नात इथेच इंग्लंडात जन्मलेली, ब्रॅकनेलच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. आता कंपनी तिला अमेरिकेत टेक्सासला पाठवतेय, नवरा आणि दहा महिन्यांच्या बाळासकट. तिथे म्हणे बायकाही कपड्यांआड पिस्तूल बाळगतात. इथे रस्त्यावरच्या पोलिसाकडेही ते नसतं, आणि ही पोर आठवडाभर किचनच्या टेबलाशी बसून लॅपटॉपवर छोटी पिस्तुलं ताडून बघतेय. एक चपटं, शर्टाखाली अजिबात दिसत नाही, पण मूठ एवढीशी, झाडलं की हातात उसळतं. दुसरं जरा जाड, हातात नीट बसतं, गोळ्याही जास्त मावतात, पण कमरेशी फुगवटा दिसतो. मला विचारते, "आजी, कुठला पिस्तूल बेटर वाटतो?" जशी काही लग्नाची साडी निवडतेय. म्हटलं, थांब, माझ्या बापाला विचारते.

तुम्ही सराफाचा माल गावोगाव पोचवायचात. तुमचं पिस्तूल कोटाखाली, उजव्या कमरेला. वैशाखातही कोट, कारण हत्यार दिसलं की सोनं दिसलं, असं म्हणायचात. डाव्या खिशात आमचे गुळाचे फुटाणे. आम्हा बहिणींना पक्कं ठाऊक, अप्पांकडे जायचं ते डावीकडून. घरी आलात की आधी माजघरात जाऊन ते रिकामं करून ट्रंकेत ठेवायचात, कुलूप लावायचात, हात धुवायचात, मगच आम्हाला शिवायचात.

एकदा एस.टी. स्टँडवर तुम्हाला बघून मी धावत सुटले, ती नेमकी उजवीकडून. तुम्ही कोपराने असं लोटलंत की मी खडीवर पडले, गुडघा फुटला. उचललं नाहीत. घरापर्यंत मी रडत पुढे, तुम्ही मुकाट्याने मागे. मग ट्रंकेचं झाकण वाजतं, मोरीत पाणी पडतं, आणि तुम्ही बाहेर येऊन मला उजव्या कडेवर घेता. पानं वाढली तरी खाली ठेवत नाही. आई म्हणते, अहो, पाय आहेत तिला. तर तुम्ही म्हणता, "असू देत. या बाजूला कोणी बसतच नाही."

इथवर सांगितलं आणि टाइप करायचा आवाज बंद झाला. बाळ हिच्या कडेवर, ही एका हाताने लिहितेय. मी विचारलं, "तू याला कोणत्या बाजूला घेतेस गं?"

"दोन्ही, आजी. एक हात दुखला की दुसरा."

"मग ते कुठे बांधशील?"

तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हणाली, हे पण टाइप करू? म्हटलं, कर की, अप्पांना कळू दे सगळं. ती दोन्ही पिस्तुलं अजून स्क्रीनवर आहेत. मी हे घे म्हटलं नाही, नको घेऊसही म्हटलं नाही. परक्या मुलखात जातेय, तिची भीती काही खोटी नाही. आता विचारते, आजी, हे पाठवायचं कुठे? म्हटलं, पाठवायचं कशाला, सामानात ठेव तुझ्या.

एक मात्र कबूल करते, अप्पा. तुम्हाला विसराळू म्हटलं खरं, पण तुमचा चेहरा आता मलाही नीट आठवत नाही. कोटाचा वास आठवतो, आणि ती बाजू. इथे वेम्बलीच्या देशी दुकानांत फुटाणे मिळतात, पण खारे. तेव्हा गुळाचे पाठवा, जरा मऊ बघून. आणि आठवणीने.