कुबिचेकच्या मक्यातलं तण

रश हॉलो, मिनेसोटा
२ जुलै

चि. व्हर्लिन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे गुडघे काय म्हणतात? माझं विचारू नकोस, मला तोंड लपवायला जागा नाही. माझ्या टोमॅटोची पानं वळून दोऱ्यासारखी झाली, तेव्हा शेजारच्या मिलो कुबिचेकने मक्यावर मारलेलं तणनाशक वाऱ्याने आलं असं मी धरून चालले. मनात ठेवलं असतं तर एक वेळ ठीक. पण चर्चच्या जेवणात ओव्हनमधली हॉटडिश ताटांत वाढता वाढता मी सगळ्या बायकांना सांगत सुटले. तेव्हापासून मिलो आणि त्याची बायको डार्लीन चर्चला येत नाहीत.

पुरावा हवा म्हणून मी तोऱ्यात विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्रात पानं घेऊन गेले. तिथल्या बाईंनी आधी शेणखत कुठलं ते विचारलं. मला रागच आला, माझ्या माहेरच्या, तुझ्या गोठ्यातल्या खतात कसली खोट? त्यांनी दोन कुंड्यांत घेवडा पेरून बघायला सांगितलं, एकीत नुसती माती, दुसरीत तेच खत मिसळून. मातीतला सरळ वाढलाय आणि खतातला टोमॅटोसारखाच वळलाय. खरं सांग, कुरणावर काही मारलं होतंस का?

तुझी ताई,
आर्डिस

११ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

मारलं होतं. काटेरी झुडपं फार माजली होती. अशा कुरणातला चारा खाल्लेल्या गुरांचं शेण भाजीला घालू नये, असं डब्यावर छापलंय. मी ते वाचलंच नाही. गाईच्या पोटातून गेल्यावर औषध कसलं उरतंय, असं वाटलं.

बाजारात भाजी विकणाऱ्या ओल्सन बहिणींनाही मी तेच खत दिलं होतं. लगेच केंद्राला फोन केला, त्यांचा माणूस दुपारीच तिकडे पोचला. खत अजून पसरलं नव्हतं, म्हणून त्यांचा हंगाम वाचला. आणि याच केंद्राचे पैसे बंद करा म्हणून मी काउंटीच्या बैठकीत ओरडत होतो. आता तिथेच उभं राहून उलटं सांगायचंय. मिलोकडे मी येऊ का? दोष माझा आहे.

रागाव, पण परकं करू नकोस.

तुझा व्हर्लिन

२३ जुलै

चि. व्हर्लिन यास आशीर्वाद.

येऊ नकोस. खत तुझं होतं, जीभ माझी.

रविवारी चर्चमध्ये जेवणाआधी उभी राहून सगळं सांगितलं. मग घरी भाजलेल्या लेमन बारचा, लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन डार्लीनकडे गेले. ती मला कुंपणापाशी घेऊन गेली. त्यांच्या मक्यात माझ्या बाजूला माणसाएवढं तण उभं होतं. तो मिलोचा आळस आहे, असंही मी गावभर सांगितलं होतं रे. आर्डिसचे टोमॅटो खरंच आपल्यामुळे जात असतील तर, म्हणून त्याने तिथली फवारणी सोडून दिली, असं ती म्हणाली. मला मान वर करवेना.

आता रोज सकाळी जाऊन मी ते तण उपटते. मिलो लांबून बघतो आणि पाठ फिरवतो. पण आज कुंपणाच्या खांबावर हातमोजे ठेवलेले होते, माझ्या मापाचे.

चष्मा लावत जा. आहे ती माया असू दे.

तुझी ताई