आईची पेन्शन आणि खुशालराव

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रागिणी मॅडमना नवीन खूळ! दिवाळीला आमचं 'हितसाथ' सगळ्या ग्राहकांना एक पत्रक पाठवतं. दरवर्षी त्यावर पणती असते आणि खाली ग्रॅच्युइटीचे नियम. यंदा म्हणे पणती नको, माणसं हवीत. ऑफिसातल्या प्रत्येकानं आपल्या घरच्या सणाची रीत सांगायची, सोबत फोटो. "आपण लोकांना त्यांच्या कर्मचाऱ्यांची काळजी घ्यायला शिकवतो, आपलीही घरं दिसू देत." मॅडम पुण्याच्या. त्यांना असं सुचतं.

गोळा करायचं काम माझ्याकडे. म्हणजे विमा, पीएफ, पेन्शनचे फोन घ्यायचे, आणि वर हे.

योगेशनं लगेच सुरुवात केली. त्यांच्या नांदगाव खंडेश्वरला पाडव्याला गाई-बैल रंगवतात, वाजतगाजत फिरवतात. अर्धा तास सांगत होता, हातवारे करून. चहा करणाऱ्या मैनाबाईंनी दोन वाक्यांत संपवलं — "भाऊ धारणीकडं रायतो, त्याले सुट्टी नाई. मीच जातो जीपनं, ओवाळतो अन् वापस येतो."

"आन् ताई तुमचं?" योगेश म्हणाला. नंतर सांगते म्हटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. ऑफिस सुटल्यावर बडनेऱ्याहून गाडी धरली, अकोल्याला पोचले. आई पहिल्या अपत्याला आजच्या दिवशी ओवाळते. माझ्या बाबतीत पहिलं आणि शेवटचं एकच. अडतिसाव्या वर्षी पाटावर बसायचं म्हणजे गुडघे आठवतात.

घरात एक गृहस्थ. पांढरा सदरा, हातात दुधाचा पेला. आई म्हणाली, "हे खुशालराव. बार्शीटाकळीचे. शेती खात्यातून रिटायर झाले. सकाळी आमी सोबत फिरतो."

"रोज बार्शीटाकळीहून?"

"बस हाये न सकाळची," ते म्हणाले.

फिरण्यासाठी बसनं यायचं! बार्शीटाकळीत रस्ते नाहीत का? विचारलं नाही. ओळख कशी झाली, तेही त्यांनीच सांगितलं. बँकेत हयातीचा दाखला द्यायची रांग होती. आपण जिवंत आहोत हे सांगायला दोघं उभे होते, आईला चक्कर आली, त्यांनी पाणी आणून दिलं. झालं.

आई ओवाळत होती तेव्हा ते बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. हे मला आवडलं. एवढंच लिहिते.

८ ऑक्टोबर

जेवून आले तर योगेश म्हणाला, "ताई, अकोल्याहून एका बाईचा फोन होता. विचारे, पोलिसाची बायको हाये, नवरा वारला, घरची पेन्शन मिळते. तिनं पुन्हा लग्न केलं तं पेन्शन बंद होते का? मी म्हटलं ताईले विचारून सांगतो."

त्यानं नंबर वाचून दाखवला.

आईचा होता.

मी जेवायला जाते ती वेळ तिला माहीत आहे. मुद्दाम तेव्हाच केला. माझ्या ऑफिसचा नंबर आणि मी सोडून कोणीही — असा हिशोब.

"होते बंद," मी योगेशला म्हटलं. "राहू दे, मी कळवते."

९ ऑक्टोबर

कळवलं. ऑफिसच्याच फोनवरून. "नमस्कार, हितसाथमधून बोलतेय. आपण काल विचारलं होतं. विधवेनं पुनर्विवाह केला तर कुटुंब निवृत्तिवेतन त्या तारखेपासून थांबतं."

मग आई म्हणाली, "बरं."

मग म्हणाली, "जेवली का?"

१२ ऑक्टोबर, रविवार

अकोल्याला जाऊन आले. बोलणं झालं एकदाचं. आई चकलीची भाजणी निवडत बसली होती.

"काहून लपवलं?"

"लपवलं कुठं? फोन तं तुयाच हापिसात केला न!"

यावर मला हसू आलं, तिलाही.

मग सगळं सांगितलं. खुशालरावांनीच विचारलं होतं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नितेश, सून आचल. घर बार्शीटाकळीत, मुलगा अकोल्याच्या एमआयडीसीत नोकरीला. खुशालरावांनी मुलासमोर विषय काढला तर तो ताटावरून उठला. 'या वयात? मामा लोकाईले काय तोंड दाखवू?' तेव्हापासून तो बापाशी कामापुरतंच बोलतो.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तू सांगितलं न पेन्शन जाते. त्याईले म्हटलं, राहू द्या लग्न. असंच येत जा चहाले. पोराचं बी मन राखल्या जाईल."

"पेन्शनसाठी नाही म्हणू नको, आई."

"पेन्शनसाठी नाई. तुया बाबाची आठवण म्हणून येते ती दर महिन्याले. आन् म्हातारपणी कोणापुढं हात पसरायचा नाई मले. तुयापुढं बी नाई." भाजणीतला खडा काढून खिडकीतून फेकला. "तू बरोबर सांगितलं. बरं झालं विचारलं."

माझं उत्तर बरोबरच होतं. नियम तोच आहे. पण तिला काय पाहिजे होतं ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला आधी ते विचारायचं असतं, असं मीच नव्या मुलांना शिकवते.

१५ ऑक्टोबर

मॅडमनी पुन्हा आठवण दिली. शेवटी लिहून दिलं. असं लिहिलं:

'माझे बाबा अकोल्याला पोलीस हवालदार होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांना कधीच सुट्टी नसायची, बाजारात बंदोबस्त असे. म्हणून आई डबा भरायची आणि आम्ही दोघी चौकात जायचो. पोलीस गाडीच्या मागच्या बाकावर बसून आमची दिवाळी व्हायची. बाबा गेल्यावरही आई डबा भरते. जो कोणी ड्युटीवर असेल त्याला आम्ही देऊन येतो.'

मॅडमनी वाचलं आणि चष्मा काढून पुसला. योगेश म्हणाला, "ताई, एवढे दिवस बोलल्या नाई तुमी!" मैनाबाईंनी विचारलं, "डब्यात काय काय रायते?" हा खरा प्रश्न. चकली, अनारसे, आणि बाबांना आवडायची म्हणून सांबारवडी. हिरव्या कोथिंबिरीचं सारण, बोटं दिवसभर वास मारतात.

१६ ऑक्टोबर

पत्रक छापायला गेलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

दुपारची गाडी होती. सकाळीच आईचा फोन. "तू निघ." बाकी काही नाही.

खुशालराव ओट्यावर चहा पीत होते. कप खाली ठेवायला गेले आणि हात ऐकेना. तोंड एका बाजूला गेलं. आईनं रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याच्या मदतीनं आत घातलं, दवाखान्यात नेलं. सोबत ओळखीचं कोणी नाही.

मी पोचले तेव्हा आई खाली, बाहेरच्या बाकावर. पायात दोन वेगळ्या चपला.

"वर काहून नाई बसली?"

"काउंटरवर विचारलं कोन लागता. मी म्हटलं वळखीची. ते म्हणे घरच्याले बोलवा. नितेशले फोन केला मंग."

नितेश आला. सोबत आचल. नितेश धिप्पाड, घाबरलेला. आईला म्हणाला, "काकू, आता आमी पाहतो. तुमी घरी जा." उद्धटपणे नाही. पण दार लावल्यासारखं.

आय.सी.यू.चे पास घरच्यांसाठी. वर जायच्या जिन्यावर पहारेकरी. आई उठली नाही.

१९ ऑक्टोबर

मेंदूत गुठळी. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टर 'पाहू' म्हणतात.

नितेश काउंटरवर वाद घालत होता. त्याच्या कंपनीचा विमा आहे, वडील त्यात आहेत, पण सणाची सुट्टी, कंपनीत कोणी फोन उचलेना, विमावाले आणखी कागद मागत होते. मी बाजूला उभी होते. दोन मिनिटं ऐकलं. मग म्हटलं, "ते कार्ड इकडे द्या."

हे माझं काम आहे. कोणाला फोन करायचा, काय शब्द वापरायचे, कुठल्या डॉक्टरची सही राहिली आहे — मला येतं. दुपारपर्यंत मंजुरी आली.

नितेश म्हणाला, "ताई, तुमच्यामुळं झालं. मले तं काईच समजून नव्हतं राहिलं."

मी म्हटलं, "माझ्या आईला पाच मिनिटं आत जाऊ द्या."

तो खाली पाहत राहिला. "वर मामा बसून हायेत दोघं. ते विचारतीन कोन हाये म्हणून. मी काय सांगू?"

मला खूप बोलता आलं असतं. बोलले नाही. कारण एका फोनवर मीच ठरवून टाकलं होतं की सांगण्यासारखं काही नसावं.

२० ऑक्टोबर

आई पहाटे आंघोळ करून पुन्हा बाकावर. लोक उटणं लावून, नवे कपडे घालून पेशंटना भेटायला येतात. मी घरून पोहे आणले. तिनं खाल्ले नाहीत.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

डबा भरलाच! मी म्हटलं, यंदा राहू दे. ऐकलं नाही. पण चौकात गेली नाही. दवाखान्यात आली आणि जिन्यावरच्या पहारेकऱ्याला दिला. ज्यानं तीन दिवस तिला वर जाऊ दिलं नाही त्यालाच.

तो ओशाळला. "मावशी, मले नियम हाये."

"मले मालूम हाये बाबू. आमच्या घरी बी वर्दी होती. खाय तू."

मॅडमचा मेसेज आला. पत्रक सगळ्यांना गेलं, आमच्या चौकातल्या दिवाळीवर खूप जणांनी लिहून कळवलं. एका कॉलेजच्या प्राचार्यांनी विचारलं आहे, 'त्या ताई कोण?' मी 'धन्यवाद' लिहिलं.

बाहेर फटाके. वर खिडक्या बंद. आईनं वर पाहून विचारलं, "त्याईले आवाज जात असन का?" मला माहीत नव्हतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दुपारी आचल खाली आली. इतक्या दिवसांत एकदाही ती आमच्याशी बोलली नव्हती. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. आईजवळ बसली, हातातला पास आईच्या मुठीत दिला.

"काकू, तुमी जा वर. मामा लोक जेवाले गेले. मी इथं बसतो."

"नितेश काय म्हणन?"

"त्याईले मी सांगीन काय सांगायचं ते." मग हळूच म्हणाली, "बाबा जेव्हापासून तुमच्याकडं येऊन राहिले तेव्हापासून घरात हसत होते. मी तं रोज पायतो न. नितेश दिवसभर ड्युटीवर असतो, त्याले काय दिसते?"

आई गेली. पहारेकऱ्यानं पासाकडे पाहिलंसुद्धा नाही, बाजूला झाला.

आचल आणि मी बसून राहिलो. तिनं विचारलं, तुम्ही काय काम करता नेमकं? मी सांगितलं. नोकरी करणाऱ्या माणसाला काही झालं तर त्याच्या घरच्यांना काय मिळतं, ते आम्ही सांगतो. ती म्हणाली, "आन् घरचं कोन ते कोन ठरवते?" भांडणासाठी नाही, खरंच विचारत होती. मी म्हटलं, नियमात यादी असते. ती म्हणाली, हं.

आई बऱ्याच वेळानं खाली आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"वळखलं का?"

"डावा हात हलवला."

"बोलली काही?"

"काय बोलू? पाय थंडे होते, चोळून देल्ले." रिक्षात बसल्यावर एकदम म्हणाली, "वर्षाली, पेन्शन गेली असती तं गेली असती."

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. घर येईपर्यंत बाहेरची दुकानं पाहत होती.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आई झोपली. पाच दिवसांत पहिल्यांदा, दुपारभर. आचलचा फोन — आहे तसंच आहे.

२४ ऑक्टोबर

खुशालरावांना घरी नेलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. बार्शीटाकळी. तिथं पास लागत नाही, पण तिथं आईला कोणी बोलावलेलं नाही.

सकाळी बस येते त्या वेळेला ती ओट्यावर जाऊन बसली. नंतर आत आली आणि अंथरुणाच्या चादरी धुवायला घेतल्या. धुतलेल्याच होत्या.

२५ ऑक्टोबर

मी म्हटलं, मी नितेशशी बोलते. आई म्हणाली, नको. "त्याचा बाप हाये. त्याले त्याच्या हिशोबानं राहू दे."

सोमवारी ऑफिस उघडेल. बॅग भरली नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी नितेशचा फोन. आवाज फाटलेला. "ताई, बाबा गेले. काकूले घेऊन या. मामाईले सांगितलं मी — त्या आल्याबिगर बाबाले नेत नाई आमी."